‘तसलं काही नाही ना मनात?’ असं विचारू नकोस

“ताई, मी रुग्णसहाय्यक अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात आहे. प्रॅक्टिकलसाठी मेडिसिन वॉर्डात ड्युटी असते. गेल्या आठवड्यात एका आजींची वेणी घालत होते. त्या सहज म्हणाल्या, ‘आता फार दिवस नाही हं तुला माझ्या केसांचा त्रास.’ मी म्हटलं, ‘असं अभद्र बोलू नये, आजी.’ त्या हसल्या आणि गप्प झाल्या. मी निघताना म्हणाल्या, ‘कुणाला बोलू नकोस, मुलं उगाच घाबरतील.’ मी कुणालाच सांगितलं नाही. आता कॉलेजने येत्या गुरुवारी आमच्यासाठी आत्महत्या प्रतिबंधाचं प्रशिक्षण ठेवलंय. वर्गात सगळे म्हणतात, हे डॉक्टरांचं काम, आपण बेडपॅन देणारी माणसं. मला भीती वाटते की मी विचारलं आणि त्यांच्या डोक्यात नसलेलं घातलं तर? आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी माझ्याही मनात असे विचार येऊन गेलेत. त्या वर्गात मला बसवेल का, तेच कळत नाही. — एक विद्यार्थिनी”

अगं, तुझं पत्र रात्री वाचलं आणि सदराची वाट न बघता तेव्हाच तुला दोन ओळी पाठवल्या: आजी अजून वॉर्डात असतील तर आत्ता ड्युटीवर असलेल्या सिस्टरना फोन कर आणि त्या जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत सांग. तू केलास. सिस्टर आजींजवळ जाऊन बसल्या, डॉक्टरांना कळवलं, असं तुझं उत्तर सकाळी आलं तेव्हा मला हायसं वाटलं. आता उरलेलं सावकाश बोलू. तुझ्याच वळणावर उभ्या असलेल्या आणखी कितीतरी मुली-मुलं हे वाचणार आहेत.

आधी तुझ्या वर्गाचं म्हणणं घेते. उपचार करणं डॉक्टरांचं काम, यात वाद नाही. पण बोलणं कुणाच्या कानावर पडतं ते बघ. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा पेशंट सावरून बसतो, विचारतील तेवढंच सांगतो, भोवती पाच-सहा जण फायली घेऊन उभे असतात. सिस्टरच्या हातात औषधांचा ट्रे असतो आणि पुढचे वीस बेड व्हायचे असतात. स्पंजिंग करताना, चादर बदलताना, व्हीलचेअरवरून एक्स-रेला नेताना, लिफ्टची वाट बघत उभं असताना जे बोलणं होतं ते तुझ्याशी होतं. पाठ पुसून घेताना माणसाचं तोंड भिंतीकडे असतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून तो बोलतो. आजी ते वाक्य राउंडला बोलल्या नाहीत, तुझे हात त्यांच्या केसांत असताना बोलल्या. हे प्रशिक्षण तुम्हाला द्यायचं ते एवढ्यासाठीच.

जगभरात २०२१ या एका वर्षात सुमारे ७ लाख २७ हजार माणसं आत्महत्येने गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. १५ ते २९ या वयोगटात, म्हणजे तुझ्या आणि तुझ्या वर्गातल्या सगळ्यांच्या वयात, मृत्यूच्या कारणांत आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे. आकडा मोठा आहे, पण वॉर्डात तो आकड्याच्या रूपात भेटत नाही. वेणी घालताना सहज टाकलेल्या एखाद्या वाक्यातून भेटतो.

आता तू केलंस त्याबद्दल. ‘असं अभद्र बोलू नये’ हे तुझ्या तोंडून निघालं, कारण आपण सगळे तेच ऐकत मोठे झालो. त्याचा अपराध मनाला लावून घेऊ नकोस. पण त्या वाक्याने काय झालं ते मात्र नीट बघ. आजींनी दार किलकिलं केलं होतं, तू ते मायेने लोटून घेतलंस, आणि त्याही तुला वाईट वाटू नये म्हणून हसल्या. ‘नातवंडांकडे बघा’, ‘तुमच्यापेक्षा किती वाईट अवस्थेत लोक आहेत’, ‘मन घट्ट करा’ ही सगळी त्याच घरातली वाक्यं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की हे इथे बोलायचं नाही.

मी स्वतः याहून बारीक चूक केली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत रात्रपाळीला होते. बरेच दिवस ॲडमिट असलेले एक गृहस्थ त्या संध्याकाळी एकदम शांत दिसले. आठवडाभर झोप नव्हती, चिडचिड होती, आणि त्या दिवशी मात्र चेहरा मोकळा. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी माझ्या हातात दिलं, ‘मुलगा आला की त्याला द्या.’ माझ्याकडून घेतलेलं पेन आठवणीने परत केलं. मावशींना बोलावून ‘फार केलंत माझं’ म्हणाले. मला काहीतरी खटकलं. मी विचारलंही. काय विचारलं, तर ‘काका, तसलं काही नाही ना मनात?’ ते म्हणाले, ‘छे हो.’ मी घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. त्या रात्री त्यांनी स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. वेळेत लक्षात आलं, ते वाचले. दोन आठवड्यांनी एकदा त्यांची ड्रेसिंगची पट्टी बदलत होते, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही विचारलं होतंत. पण तुम्हाला नाही ऐकायचं होतं.’

तेव्हापासून ‘नाही ना’ या दोन शब्दांवर माझा डोळा असतो. आपल्या भाषेत ही फार सोयीची जोडी आहे. ‘जेवला नाहीत ना अजून?’, ‘रागावला नाहीस ना?’ उत्तर आपणच ठरवतो आणि समोरच्याने फक्त मान हलवायची. आत्महत्येबद्दल विचारताना हीच सवय आड येते. ‘काही बरंवाईट करायचा विचार नाही ना?’ यात दोन पळवाटा आहेत: ‘बरंवाईट’ म्हणजे नेमकं काय ते कुणीच बोललं नाही, आणि उत्तर ‘नाही’ हवंय हेही कळलं. गुरुवारी तुला काय शिकायचंय असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, हा प्रश्न ‘नाही ना’ काढून विचारायला शीक. ‘आजी, तुम्ही म्हणालात फार दिवस नाही. इतकं नकोसं झालंय का, की आपला जीव संपवावा असं मनात येतं?’ एवढंच. आवाज रोजच्यासारखा. मग गप्प बसायचं. उत्तराला वेळ लागतो आणि त्या शांततेत आपल्यालाच घाम फुटतो. तरी बोलून ती भरून काढायची नाही.

‘देवाने आता न्यावं’ असं म्हणणारे म्हातारे पेशंट तुला रोज भेटतील. दुखणं लांबलं की माणूस असं म्हणतो, आणि दर वेळी त्यामागे आत्महत्येचा विचार असतोच असं नाही. पण कुठल्या वाक्यामागे आहे आणि कुठल्या नाही, हे विचारल्याशिवाय तुलाही कळणार नाही, मलाही नाही. ‘माझं सगळ्यांना ओझं झालंय’ हे वाक्य मी कधीच सोडत नाही. झोप उडणं, वस्तू वाटून टाकणं, अचानक निरवानिरव, न मागता माफी मागणं, आणि आठवडेभराच्या तगमगीनंतर आलेली ती शांतता, याही दिसल्या की थांबायचं.

विचारल्याने डोक्यात नसलेलं घातलं जातं, ही भीती खूप जुनी आहे. वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांनाही ती असते, म्हणून तुला वाटली यात नवल नाही. पण हे तपासून पाहिलेलं आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांपैकी काहींना प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, काहींना नाही. ज्यांना विचारलं त्यांचा त्रास वाढला नाही, दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं तेव्हा विचारही वाढलेले नव्हते. उलट जी मुलं आधीच नैराश्यात होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना विचारल्यानंतर थोडं हलकंच वाटलेलं दिसलं. नंतरच्या अभ्यासांतूनही हाच सूर निघाला. ज्याच्या मनात विचार आहे तो दिवसरात्र त्याच्याशी एकटा झगडत असतो. तू विचारतेस तेव्हा त्या झगड्यात दुसरं माणूस येतं. ज्याच्या मनात नाही तो फार तर म्हणेल, ‘नाही गं बाई, कंटाळून बोलले.’

समज, आजी ‘हो’ म्हणाल्या. इथे बहुतेक विद्यार्थी गडबडतात, कारण त्यांना वाटतं की आता आपण समुपदेशन करायचं. नाही करायचं. ‘मला सांगितलंत ते बरं केलंत’ म्हणायचं आणि थोडा वेळ ऐकायचं. काही करायचं ठरवलं आहे का, कधी, त्यासाठी हाताशी काही आहे का, हेही विचारता येतं, आणि उत्तर ‘हो’ असेल तर पेशंटला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. बेल दाब, मावशींना हाक मार, दुसऱ्या कुणाला सिस्टरकडे पाठव, पण तू तिथून हलू नकोस.

आणि ते ‘कुणाला बोलू नकोस’. माझ्या विद्यार्थिनी इथेच सगळ्यात जास्त अडतात. शब्द दिला की पाळायचा असं आपल्यावर बिंबवलेलं असतं, वर पेशंटच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत हे कॉलेजने शिकवलेलं असतं. पण गोपनीयता म्हणजे कँटीनमध्ये, घरी, मैत्रिणींच्या ग्रुपवर न बोलणं. ज्यांच्यावर त्या पेशंटच्या उपचारांची जबाबदारी आहे त्यांच्यापासून लपवणं नव्हे. तेव्हा असा शब्द मुळात द्यायचाच नाही. मी असं म्हणते: ‘आजी, हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही, कारण मला तुमची काळजी वाटते. सिस्टरना सांगणार आहे. तुम्ही म्हणालात तर आपण दोघी मिळून सांगू.’ पुष्कळदा पेशंट चिडतो. चिडू दे. ‘आपण दोघी’ ऐकल्यावर काही जण हात घट्ट धरतात, हेही मी पाहिलंय.

सांगताना एक खबरदारी घे. ‘सिस्टर, बारा नंबरच्या आजी जरा डाउन वाटतात’ असं सांगितलंस तर ते हवेत विरून जाईल. वॉर्डात कोण डाउन नसतं? शब्द जसेच्या तसे सांग: ‘सिस्टर, बारा नंबरच्या आजी मला म्हणाल्या, आता फार दिवस नाही तुला माझ्या केसांचा त्रास. मी विचारलं, जीव संपवावा असं वाटतं का, तर त्या हो म्हणाल्या.’ वेळ सांग, आणि ते लिहिलं जातंय का ते उभी राहून बघ. एखादी सिस्टर म्हणेल, ‘त्या रोजच बोलतात तसं.’ मग डॉक्टरांना सांग, तुझ्या शिक्षिकेला सांग, शिफ्ट बदलली की नव्या सिस्टरना पुन्हा सांग. विद्यार्थी म्हणून तुला पायरी सोडून वर जायला संकोच वाटेल. या एका बाबतीत पायरी बघायची नाही. तू ओरडा खाल्लास तर मला कळव, मी तुझ्या बाजूने आहे.

डिस्चार्ज झाला म्हणजे काळजी मिटली, असंही समजू नकोस. मानसिक आजारासाठी दाखल असलेला माणूस घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे असतात, आणि अशा वेळी लहानशी दखलही उपयोगी पडते. जेरोम मोटो नावाच्या मनोविकारतज्ज्ञाचं काम मला या संदर्भात नेहमी आठवतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत असे ८४३ पेशंट निवडले, जे दवाखान्यातून सुटल्यावर पुढचे उपचार घ्यायला तयार नव्हते. त्यांतल्या अर्ध्यांना अधूनमधून पत्रं पाठवली. पत्र दोन ओळींचं: तुम्ही इथून गेल्याला काही दिवस झाले, सगळं ठीक असेल अशी आशा आहे, दोन शब्द कळवावेसे वाटले तर आम्हाला आनंदच होईल. औषधं घ्या नाही, तपासणीला या नाही, काही मागणं नाही. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात आत्महत्या कमी झाल्या, आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक सगळ्यात स्पष्ट होता. २००१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बेडपॅन देणारी माणसं काय करणार, असं वर्गात कुणी म्हणालं की त्यांना ही दोन ओळींची पत्रं सांग.

आता गुरुवार. अशी प्रशिक्षणं अनेक प्रकारची असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल क्विनेट यांनी आखलेलं क्यूपीआर एक-दोन तासांत होतं: विचारा, मदत घ्यायला राजी करा, योग्य माणसापर्यंत पोचवा. हृदय बंद पडल्यावर सीपीआर कुणालाही देता यायला हवा, तसंच हे, अशी त्यामागची कल्पना. ‘असिस्ट’ नावाचं दोन दिवसांचं आहे, ते १९८३ साली कॅनडात सुरू झालं. तुमच्या कॉलेजने कुठलं ठेवलंय ते तू लिहिलं नाहीस. कुठलंही असो, एक गोष्ट बघ: तोंडाने बोलायचा सराव आहे का? पीपीटी दाखवून, हजेरीपत्रकावर सह्या घेऊन, फोटो काढून संपणारी प्रशिक्षणं मी पुष्कळ पाहिलीत, आणि त्यांतून बाहेर पडलेल्या मुली वॉर्डात पुन्हा ‘असं बोलू नये’च म्हणतात. दोघा-दोघांच्या जोड्या करून, एकाने पेशंट व्हायचं आणि दुसऱ्याने विचारायचं, असा सराव नसेल तर उभी राहून माग. भीड वाटली तर चार जणी मिळून मागा. आणि सहा महिन्यांनी उजळणी ठेवा असंही सांगा. अशा प्रशिक्षणाने माहिती आणि धीर दोन्ही वाढतात, पण उजळणी नसेल तर काही महिन्यांत ते ओसरत जातात, असं अभ्यासांतही दिसतं.

पहिल्यांदा ‘आत्महत्या’ हा शब्द दुसऱ्या माणसाच्या तोंडावर उच्चारताना जीभ अडखळते. मी घेतलेल्या एका सरावात एक उंचपुरा, धीट मुलगा तीनदा हसला, चौथ्यांदा रडला आणि पाचव्यांदा त्याने नीट विचारलं. हे सगळं वर्गात होऊन जाऊ दे. पुस्तकातलं वाक्य तुझ्या तोंडी बसत नसेल तर तुझ्या बोलीत फिरव, फक्त अर्थ गुळमुळीत करू नकोस.

शेवटी तू लिहिलेलं शेवटचं वाक्य. तेच सगळ्यात जड होतं, म्हणून तू ते शेवटी लिहिलंस असं मला वाटतं.

तू त्या वर्गात बसू शकतेस. तसे विचार येऊन गेलेत म्हणजे तू या कामाला नालायक, असं अजिबात नाही. पण बसलंच पाहिजे असंही नाही. आधी प्रशिक्षकांना गाठून एवढंच सांग: ‘हा विषय माझ्या जवळचा आहे, मध्ये बाहेर जावं लागलं तर जाईन.’ कारण द्यायची गरज नाही. चांगला प्रशिक्षक सुरुवातीलाच सगळ्यांना ही मुभा देतो आणि बाहेर कुणीतरी बसवून ठेवतो. दाराजवळची जागा धर. सरावात पेशंटची भूमिका घेऊ नकोस, या वेळी तरी नको. आणि त्या संध्याकाळी एकटी राहू नकोस. जिच्याशी बोलता येईल अशा मैत्रिणीला आधीच सांगून ठेव.

२०२३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या सुमारे १८ लाख नोकरदारांचा अभ्यास आला. त्यात आरोग्यसेवेबाहेर काम करणाऱ्यांच्या तुलनेत आरोग्यसेवेतल्या मदतनीसांमध्ये आत्महत्येचा धोका लक्षणीय जास्त आढळला. हे तुला घाबरवायला सांगत नाही. तुझ्या कॉलेजला दाखवायला सांगते. विद्यार्थ्यांना पेशंटसाठी तयार करायचं आणि त्यांची स्वतःची विचारपूस करायला कुणीच नाही, हे चालणार नाही. वॉर्डात अशी घटना घडली तर त्या शिफ्टच्या विद्यार्थ्यांशी कोण बोलणार, त्या माणसाचं नाव आणि नंबर प्रॅक्टिकल सुरू होण्याआधी प्रत्येकाकडे हवा. गुरुवारी हाही प्रश्न विचार.

आणि मी आता तुला तोच प्रश्न विचारते, ‘नाही ना’ न लावता. दोन वर्षांपूर्वीचे विचार सध्या येतात का? जीव संपवावा असं वाटतं का? उत्तर ‘हो’ असेल, ‘कधीकधी’ असेल, तर गुरुवारची वाट बघू नकोस. आजच कुणाजवळ तरी बोल: घरचं विश्वासाचं माणूस, कॉलेजचे समुपदेशक, डॉक्टर. भारतात असशील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. विचार फार जोर करत असतील तर जवळच्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात कुणाला तरी सोबत घेऊन जा. उत्तर ‘नाही’ असेल तरीही मला कळव. मी उद्या रात्रीपर्यंत वाट बघेन, नाही आलं तर मीच फोन करेन. नंबर तू पत्राखाली दिलाच आहेस.

आजी अजून आठवडाभर वॉर्डात आहेत असं तू लिहिलंस. उद्या ड्युटी असेल तर त्यांच्याकडे जा. ‘आजी, मी सिस्टरना सांगितलं’ हे त्यांना तुझ्या तोंडून कळू दे. रागावल्या तर ऐकून घे. आणि मग विचार, वेणी घालू का.